रोजचं गळ्यातलं

१

तुळशीला पाणी घालून सुरेखा प्रदक्षिणा घालत होती, तेवढ्यात विहिरीकडून बंकटची हाक आली. हाक कसली, बोंबच. सालगडी माणूस, बैलाशीसुद्धा हळू बोलणारा. सुरेखाच्या हातातला तांब्या कलंडला आणि ओठावरचं स्तोत्र अर्ध्यात राहिलं. या घरात आल्यापासून एकदाही तिनं प्रदक्षिणा अशी मध्येच सोडली नव्हती.

"दादाऽ! आवो दादा, इकडं या! लवकर या!"

दिंद्रुडच्या शिवारात, गावापासून थोडी आत त्यांची वस्ती. घर, गोठा, मागं टिनपत्र्याचं गोदाम आणि बांधाच्या पलीकडं विहीर. घरातलं सगळं माणूस अंगणात आलं. सासरे बद्रीनाथ काठी टेकत आले, सासूबाई तुळजाबाई जपाची माळ हातातच धरून आल्या. सुरेखाचा नवरा तानाजी आधीच पायरीवर उभा होता. केस ओले, अंगात पांढरा सदरा.

बंकट धापा टाकत आला आणि त्यानं मूठ उघडली. "मोटार चालू कराया गेलतो. कठड्यावर, दगडाखाली ठिवलं होतं."

सोन्याचं मंगळसूत्र होतं. दोन वाट्या, मध्ये काळे मणी.

तानाजीनं ते उचललं, उन्हात धरलं आणि जड आवाजात म्हणाला, "ऋतुजाचं हाय. रोजचं गळ्यातलं तिचं. पोरीनं घात केला."

तुळजाबाई जागच्या जागी खाली बसल्या. माळ हातातून सुटली. "आगं माय! काल सांजंला तर 'इथंच हाय, येते' म्हणून गेली की!"

ऋतुजा म्हणजे या घरची धाकटी सून. गावातल्या उपकेंद्रात नर्स. तिचा नवरा अंगद पुण्याला कंपनीत. बाळंतपणाचा निरोप आला की बॅग उचलायची आणि निघायची, कधी रात्रभर तिकडंच राहायची. म्हणून रात्री ती आली नाही तरी कुणी काळजी केली नव्हती.

 सुरेखा तुळशीवृंदावनापाशीच उभी होती.  तिची नजर त्या मंगळसूत्रावरून हलत नव्हती.

ते ऋतुजाचंच होतं, यात शंका नव्हती. पण ऋतुजा ते रोज घालत नव्हती. कालही घातलं नव्हतं.

२

दिवाळीनंतरची गोष्ट. ऋतुजाच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. सोन्याचं मंगळसूत्र घालून स्कूटीवर आडरस्त्यानं फिरायची तिला भीती वाटायची. तालुक्याला जाणाऱ्या रस्त्यावर दोन बायांच्या गळ्यातलं ओढून नेलं होतं, एकीची मान कापली होती. म्हणून तिनं एक ग्रॅमचं, पॉलिशचं घेतलं. ते घामानं काळं पडलं आणि कातडी सोलून निघाली.

"अक्का, चला माझ्यासंगं माजलगावला," ती सुरेखाला म्हणाली होती. "मला स्टीलचं बघायचंय."

"स्टीलचं? मंगळसूत्र? काय भांडं हाय का ते?"

"भांडंच म्हणा. भांडं घासून घासून काळं पडतं का? गंजतं का? आमच्या दवाखान्यात चिमटे, कात्र्या सगळं स्टीलचं. उकळत्या पाण्यात घालतो, तरी जसंच्या तसं." मग हसून ती म्हणाली, "आन् चोरानं ओढलं तर त्याचाच हात कापंल."

बाजारातल्या दुकानदारानं दोन-तीन तऱ्हा दाखवल्या. ऋतुजानं साधी साखळी घेतली, काळे मणी ओवलेली, खाली दोन छोट्या स्टीलच्या वाट्या. तिनं अंगठ्यानं वाटी दाबून बघितली, दाबली गेली नाही. "हां, ही धकंल मला," म्हणाली.

घरी मात्र आगडोंब. तुळजाबाई म्हणाल्या, "सवाष्णीच्या गळ्यात लोखंड? शनीला बोलावणं धाडायलीस का? लोखंड घालून मरशील एक दिस!" दोन दिवस चूल धुमसत होती. शेवटी बद्रीनाथांनी ओसरीवरूनच निकाल दिला. सुनेकडं न बघता, खांबाकडं बघत म्हणाले, "देवाला निवद कशात दावतीस गं? स्टीलच्याच वाटीत ना? देवाला चालतं ते पोरीला कावून चालू नये? सोनं देवघरात ठिवा, सणावाराला घाला."

तसंच झालं. सोन्याचं मंगळसूत्र देवघरातल्या डबीत गेलं, हळद-कुंकवात, अक्षतांत. ती डबी सुरेखाच्या ताब्यात, कारण देवघर सुरेखाचं. पूजा, नेम, सोमवार, एकादशी, सगळं तीच बघायची.

आणि त्या दोन दिवसांत तानाजी घरी नव्हता. निवडणुकीच्या गडबडीत तो बीडला होता. परत आल्यावर त्याला कुणी काही सांगितलं नाही. बायकांच्या गळ्यातल्या गोष्टी पुरुषाला कोण सांगत बसतं? सुरेखानंही सांगितलं नव्हतं.

हे सगळं एका श्वासात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. अंगणात माणसं जमत गेली, कुणी पोहणाऱ्यांना, कुणी जवळच्या ठाण्याला फोन केला. घटकाभरानं, सगळ्यांच्या नजरा विहिरीकडं वळल्यावर, ती मागच्या मागं घरात शिरली. देवघरात समई तेवत होती. सकाळी पूजेच्या वेळी तिनं डबी उघडली नव्हती, तशी गरजच नव्हती. आता तिनं झाकण फिरवलं.

डबीत नुसती हळद. मध्ये मंगळसूत्राच्या आकाराचा खळगा.

"काय शोधायलात ताई?"

मागं दारात खाकी कपड्यातली बाई उभी होती. चपला बाहेर काढून, अनवाणी पायांनी, आवाज न करता आलेली.

३

फौजदार सत्यशीला गव्हाणे. वय चाळिशीच्या आसपास, आवाज मऊ, डोळे मात्र एका जागी ठरणारे. सुरेखानं डबीचं झाकण लावलं. "काई न्हाई. वात सारखी करत होते."

"करा, करा. देवाचं आधी." त्या एवढंच म्हणाल्या आणि ओसरीवर गेल्या. पण जाताना डबीकडं एकदा बघून गेल्या. 

विहिरीत चार जण उतरले होते. वैशाखातही तळ सापडू नये असली जुनी, खोल विहीर. पोहणारे बुडी मारायचे, वर यायचे, मान हलवायचे. प्रत्येक वेळी वरच्या बायका आधी "आली का, आली का" करत पुढं व्हायच्या आणि मग मागं सरायच्या.

सत्यशीलाबाईंनी मंगळसूत्र रुमालात बांधून खिशात टाकलं आणि घरच्यांना एकेक करून बोलावलं. सुरेखा आतल्या दाराआड उभी राहिली. प्रत्येकाला त्या शेवटी एकच प्रश्न विचारत होत्या.

"आजी, सून काल गेली तवा तिच्या गळ्यात काय होतं?"

तुळजाबाईंचा हुंदका थांबला. "काय असणार? तेच लोखंडाचं. किती सांगितलं तिला. मीच बोलले होते, घालून मरशील म्हणून. माझीच जीभ काळी, बाई."

"तुमी तिच्यावर खार खायचात म्हणे."

"सासू हाय मी! बोलणार न्हाई तर काय ओवाळू? पण काल तिच्यासाठी मीच भाकर झाकून ठिवली होती. बघा जाऊन, आजून तशीच हाय."

बद्रीनाथ आले. काठी आडवी मांडीवर घेतली. "सुनंच्या गळ्याकडं बघायची रीत न्हाई आमच्यात, मॅडम. डोईवर पदर असतो, खालपातुर ओढलेला. पण मला ठावं हाय, स्टीलचं होतं. त्याच्यावरून घरात महाभारत झालं, ते मीच मिटवलं."

पुण्याहून निघालेल्या अंगदशी त्या फोनवर बोलल्या. तो रडत होता. फोनमधून त्याचा आवाज सुरेखापर्यंत आला: "स्टीलचंच मॅडम. परवा व्हिडिओवर दाखवलं की तिनं, चार म्हयने झाले तरी चमक गेली न्हाई म्हणून. मॅडम, ती जीव द्यायची न्हाई. ती दुसऱ्यांचे जीव वाचवायची."

मग बंकट. तो हात जोडूनच बसला.

"तू विहिरीवर कावून गेलतास रे?"

"दादांनीच धाडलं. मी गोदामातून पाइप आणणार होतो आधी. दादा म्हणाले, गोदामाकडं फिरकू नको, धान्याला गोळ्या ठिवल्यात, इखारी धूर असतो, मरशील. आधी मोटार चालू कर."

"तिच्या गळ्यातलं कधी बघितलंस?"

"आमी गडी माणसं, बाई. खाली मान घालून भाकर घेतो." मग तो घुटमळला. "पण नर्सताई लई चांगल्या होत्या. शहादेवच्या वक्ताला त्याच एकट्या रडल्या."

"शहादेव कोण?"

बंकटनं दाराकडं बघितलं. दारात तानाजी उभा होता. बंकटचं तोंड मिटलं ते मिटलंच.

४

सुरेखाला चहा टाकायला सांगितलं. ती टाकत होती, पण साखरेऐवजी हात मिठाच्या डब्याकडं जात होता.

शहादेव म्हणजे त्यांचा दुसरा गडी. गेल्या आठवड्यात उसाच्या कडेला मेलेला सापडला. साप चावला, असं तानाजीनं सांगितलं आणि दुपारच्या आत सरण पेटवलं. पण ऋतुजानं मढं बघितलं होतं. संध्याकाळी भाकरी थापताना ती सुरेखाच्या कानाशी हळूच बोलली होती.

"अक्का, त्याच्या तळहातावर जळाल्याची खूण होती. सापाच्या दातात काय इस्तू असतो का?"

"मग गं?"

"रानडुकरासाठी भाऊजींनी तारंत करंट सोडलाय, ठावं न्हाई का तुमाला? शहादेवची बाई पोटुशी हाय. तिला सांगू की साप होता? मी ठाण्यात जाऊन खरं सांगणार हाय."

सुरेखानं तिचं तोंड पिठाच्या हातानं दाबलं होतं. "नको गं. घर उघड्यावर येईल." त्या वेळी ओसरीवरच्या पावलांचा आवाज थांबला होता की तिला तसा भास झाला होता, हे तिला आजही सांगता आलं नसतं.

चहाचा ट्रे घेऊन ती ओसरीच्या दाराशी आली. तानाजी फौजदारबाईंसमोर खुर्चीवर बसला होता. पाय पसरून, पण बोटं मात्र सारखी एकमेकांत गुंतत होती.

"घरात बायकांची कटकट चालू असायची," तो म्हणत होता. "आई बोलायची. माझी मंडळीबी गुणाची न्हाई. धाकट्या जावंला पगार, मान, हिला काय? जळायची. बायकांचं मन हो, कुणाला कळणार?"

सुरेखाच्या हातातले कप एकमेकांवर वाजले. आपलाच नवरा आपल्याला पुढं ढकलतोय, हे कळायला तिला एक क्षण लागला.

"तिच्या गळ्यात काय होतं काल?"

"दिलं की तुमाला. सोन्याचं. लग्नात आमीच घातलेलं, वाटीमणी. रोज तेच असायचं गळ्यात. मरायच्या आधी काढून ठिवलं, सोनं घरच्यांना मिळावं म्हणून. तेवढी अक्कल होती पोरीला."

"तुमी रोज बघायचात?"

"छे, छे! भाया हाय मी तिचा. धाकट्या भावाची बायको. तिच्या सावलीलाबी पाय लावत न्हाई आमी. माझ्यासमोर आली की पदर हनुवटीपातुर."

"मग रोज तेच असायचं हे कशावरून?"

तो हसला. "मंगळसूत्र हो मॅडम. ते काय रोज बदलतात का?"

सत्यशीलाबाईंनी कप घेतला आणि सुरेखाकडं बघून म्हणाल्या, "लई छान झालाय चहा." चहात मीठ पडलेलं होतं. सुरेखाला ते त्यांच्या ओठांवरून कळलं. त्या तरीही प्याल्या.

ती परत फिरली आणि मागच्या अंगणात आली. दोरीवर धुणं होतं. त्यात तानाजीचा टॉवेल. आता वाळला होता, पण पहाटे ती तुळशीसाठी पाणी काढायला उठली तेव्हा त्यातून पाणी ठिबकत होतं.

तानाजी पहाटे अंघोळ करणारा माणूस नव्हता. ऊन डोक्यावर आल्याशिवाय त्याच्या अंगावर पाणी पडायचं नाही. आज तो टॉवेल बघून सुरेखाला भरून आलं होतं. सोळा सोमवार धरलेत, ते फळाला आले, माणूस देवाधर्माला लागला, असं वाटून तिनं तिथंच हात जोडले होते.

आता ती त्याच टॉवेलाकडं बघत होती.

पारोशानं देवघरात पाऊल ठेवायचं नाही, हे या घरात लेकरालाही माहीत होतं. ते वळण तानाजीच्या हाडात गेलेलं होतं. पाप करायला निघालेला माणूससुद्धा आधी न्हाला होता.

५

"ताई, जरा बसू इथं?"

सत्यशीलाबाई तिच्याशेजारी तुळशीच्या ओट्यावर टेकल्या. विहिरीवरून पुन्हा आवाज आला, "न्हाई घावली!" बायकांचा घोळका मागं सरला.

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सोडला. "बघा हे. गळ्यातून काढलेलं असतं, तर मण्यांत घाम असता, मळ असता. याच्यात कोरडी हळद भरलीय. ही बघा, वाटीच्या मागं अक्षता चिकटलीय. हे काल कुणाच्या गळ्यात नव्हतं. देवघरातून सरळ विहिरीवर गेलंय."

सुरेखानं ती अक्षता निरखली.

"देवघर तुमचं. डबी तुमची. तुमचे मालक म्हणत्यात, तुमी जळायचात. आता मी काय समजू?"

"मी न्हाई केलं."

"ते मला ठावं हाय." त्या हळूच म्हणाल्या. "तुमी ठिवलं असतं, तर सोन्याचं ठिवलंच नसतं. तुमाला ठावं होतं ती स्टीलचं घालती. सासूबाईंना ठावं, मामंजींना ठावं, नवऱ्याला ठावं. ज्याला ठावं न्हाई, त्यानंच हे ठिवलं. डबीत सोनं घावलं, तर रात्री बाहेर जाताना ती काढून ठिवत असंल, एवढंच त्याला वाटलं. बंकटलाबी ठावं न्हाई, पण गडी माणूस देवघरात कसा जाईल? मला खात्री हाय, ताई. पण खात्री म्हंजे साक्ष न्हवं. तुमी पहाटे उठता. आज काय बघितलं?"

सुरेखाच्या गळ्यातलं तिला एकाएकी जड वाटू लागलं. ओठ उघडले तर हेच गळ्यातलं धोक्यात. ज्याच्या आयुष्यासाठी रोज पाणी घालायचं, त्याच्याच नावानं बोलायचं? तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण भीतीनं तेही आठवेना. आठवत होता तो ऋतुजाचा अंगठा, स्टीलची वाटी दाबून बघणारा. हां, ही धकंल मला.

आणि तिथंच सुरेखाचं मन थबकलं.

स्टील तिच्या गळ्यातच आहे. ते कुणी काढलेलं नाही. मग...

"मॅडम!" तिनं फौजदारबाईंचं मनगटच धरलं. "मॅडम, ती जिती हाय!"

"काय?"

"ज्यानं हे ठिवलं, त्यानं तिचा गळा आजून बघितलेला न्हाई! मारली असती, उचलली असती, पाण्यात टाकली असती, तर पदर सरला असता. स्टीलचं दिसलं असतं. मग त्यानं तेच काढून ठिवलं असतं, देवघरात कशाला गेला असता? तिला हात लावलेला न्हाई त्यानं. भावजयीला हात लावायचा न्हाई, एवढंच त्याला ठावं. हात न लावता मारायचं म्हणलं तर काय करंल तो?"

सत्यशीलाबाई उभ्या राहिल्या. "कोंडंल."

"कोंडून मरू द्यायची. मग अंधारात विहिरीत ढकलायची. मंगळसूत्र आधीच ठिवलं, म्हंजे दिसभर सगळे पाण्यातच शोधतील, दुसरीकडं कुणी बघायचं न्हाई." सुरेखा बोलत होती आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटत होता. "ती 'इथंच हाय' म्हणून गेली. फोनबी चार्जिंगला ठिवून गेली. इथंच म्हंजे..."

तिची नजर टिनपत्र्याच्या गोदामावर गेली. उन्हानं पत्रा पांढरा झाला होता, बघवत नव्हता.

"त्यांनी बंकटला सांगितलं, धान्याला गोळ्या ठिवल्यात म्हणून."

"मग?"

"मॅडम, तूर पाडव्याच्या आधीच आडतीवर गेली. गोदामात धान्याचा दाणा न्हाई. गोळ्या कशाला ठिवल्या?"

६

ती धावली. सवाष्ण बाई, डोईवरचा पदर उडालेला, अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून. मागून शिट्टी वाजली, बंकट पहार घेऊन आला, माणसं विहिरीवरून वळली.

गोदामाच्या दाराशी तानाजी उभा होता. कुलपाला पाठ लावून.

"सुरेखा, घरात जा."

तिचे पाय थांबले. इतकी वर्षं या आवाजाला थांबत आले होते, ते सवयीनंच थांबले.

"आत इखारी धूर हाय. दार उघडलं तर माणसं मरतील. घरात जा म्हणलं ना?" मग आवाज उतरवून, तिलाच ऐकू जाईल असं तो म्हणाला, "सोळा सोमवार कुणासाठी धरलेस गं? स्वतःच्या हातानं कुंकू पुसतीस?"

 कानांत नुसता गुंगाट. पण त्या गुंगाटातून दुसरा आवाज येत होता. कर्र... कर्र. पत्र्यावर काहीतरी घासल्याचा. खूप हळू. थांबून, पुन्हा.

"तुमच्यासाठीच धरलेत," ती म्हणाली. "तुमच्या हातून दुसरं मरण होऊ नये म्हणून. सरका."

तो सरकला नाही. सत्यशीलाबाईंच्या दोन शिपायांनी त्याला सरकवलं. बंकटनं कुलपात पहार घातली. सगळ्यांनी ओले पदर, ओले रुमाल तोंडावर धरले. कडी तुटली. सडक्या माशासारखा, लसणासारखा वास बाहेर आला आणि पुढची माणसं मागं हटली.

आत अंधार. सुरेखा श्वास कोंडून शिरली. आधी काही दिसेना. मग कोपऱ्यात, अगदी जमिनीलगत, उजेडाचा एक ठिपका दिसला आणि त्या उजेडात काहीतरी चमकलं. पांढरं, लखलखीत.

ऋतुजा पालथी पडली होती. तोंड पत्र्याला लावलेलं. पत्र्याचा खालचा काठ गंजून कुजला होता, तिथं तिनं बोटभर भोक पाडलं होतं. त्या भोकाला नाक लावून ती बाहेरची हवा घेत होती. गळ्यातली साखळी काढून हाताला गुंडाळली होती आणि स्टीलची वाटी अजून गंजावर घासत होती. डोळे मिटलेले, हात मात्र चालूच.

"ऋतुजा! आगं पोरी!"

"अक्का..." ओठ निळे पडले होते. "भाऊजी म्हणाले, बाई पोटुशी हाय... शहादेवची बायको आत पडलीय म्हणाले... मी आत आले न् दार..."

"बोलू नको."

बंकटनं तिला उचललं. पदर सुटला होता, मान उघडी होती. तानाजी बघत होता. त्याची नजर तिच्या हातातल्या साखळीवर खिळली. त्या साखळीचा त्याला अर्थ लागत नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं.

"ते तिच्या गळ्यातलं," सत्यशीलाबाई त्याला म्हणाल्या. "रोजचं."

*

दिवेलागणीला अंगदचा दवाखान्यातून फोन आला. ऋतुजा शुद्धीवर होती, डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं होतं. शहादेवचं काय बघितलं ते तिनं सत्यशीलाबाईंना सगळं सांगितलं होतं. तानाजीला दुपारीच ठाण्यात नेलं होतं, उद्या रानातल्या तारा बघायला माणसं येणार होती.

घरात दिवा लावायला सुरेखाशिवाय कुणी उठलं नाही. बद्रीनाथ खांबाला टेकून बसले होते. तुळजाबाईंनी दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता. सुरेखा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"माझं पोर घालवलंस," त्या म्हणाल्या.

सुरेखानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. पेला पुढं धरून ती तशीच बसून राहिली. खूप वेळानं तुळजाबाईंनी तो घेतला, दोन घोट प्याल्या आणि म्हणाल्या, "त्या पोरीची भाकर झाकून ठिवली होती. शिळी झाली. तिला ताजी करून ने सकाळी."

"जी, आत्याबाई."

ऋतुजाची साखळी शिपायांनी सुरेखाच्याच हातात दिली होती, दवाखान्यात काढून ठेवायला लावली म्हणून. वाटीवर गंजाचा लाल चिखल होता, काठाला ओरखडे होते. सोन्याची असती तर पहिल्या घासणीलाच दुमडली असती. सुरेखानं ती राखेनं घासली, पाण्यानं धुतली. गंज पत्र्याचा होता, तो निघून गेला. ओरखडे राहिले.

मग ती तुळशीपाशी आली. सकाळची प्रदक्षिणा मोडून पडली होती, ती पुरी करायची होती. तांब्यात पाणी घेतलं, चालायला लागली. सवयीनं ओठांवर तेच आलं, रोजचं मागणं. नवऱ्याचं नाव, त्याच्या आयुष्याचं दान. ती थांबली. 

"देवा," ती हळूच म्हणाली, "शहादेवच्या बाईला सुखानं सोडव."

आणि तिनं पुढचं पाऊल टाकलं.